केडगावची अठरा वर्षे

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की आपली गाडी १८९३ सालापाशी येऊन थांबते. कलकत्त्याच्या विद्वानांनी दिलेली 'पंडिता' आणि 'सरस्वती' ही बिरुदे, आर्य महिला समाज, हंटर कमिशनपुढची साक्ष, शारदा सदन, तिथल्या धर्मांतरांवरून 'केसरी'त उठलेले वादळ, आणि मग पडदा. पुढची एकोणतीस वर्षे बहुतेक ठिकाणी चारसहा ओळींत उरकतात: केडगावला गेल्या, दुष्काळातल्या मुली सांभाळल्या, बायबलचे भाषांतर केले, वारल्या. माझा जीव अडकला आहे तो याच चारसहा ओळींत. देवाला शरण जाणे आणि अखेरपर्यंत टिकून राहणे या दोन गोष्टींवर ख्रिस्ती उपासनामंदिरांतून अगणित प्रवचने होतात. त्या एकाच आयुष्यात पाहायच्या असतील, तर त्या चारसहा ओळींत पाहाव्यात, असे माझे ठाम मत आहे.

मागची हकिगत सर्वांना ठाऊक आहे, तेव्हा भरभर सांगतो. १८५८चा जन्म, गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवण्याचा हट्ट धरला आणि पुढे घरदार तीर्थयात्रेच्या वाटेला लागले. आईवडील आणि बहीण दुष्काळात गेली. भाऊ श्रीनिवासबरोबर देशभर पायी भटकंती झाली, १८८०मध्ये तोही गेला. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झाले आणि १८८२च्या फेब्रुवारीत वैधव्य आले, तेव्हा पदरी मनोरमा ही तान्ही मुलगी होती. मग पुणे, मग इंग्लंड. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे बाप्तिस्मा. पुढे अमेरिका, तिथे आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला हजेरी, 'द हाय कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक, आणि ११ मार्च १८८९ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन, जे लवकरच पुण्याला हलले.

या धावपळीतली एक गोष्ट मात्र सावकाश सांगितली पाहिजे. बाप्तिस्मा घेतला म्हणजे रमाबाई शरण गेल्या, असे त्यांच्या विरोधकांना वाटले आणि वाँटेजच्या मठातल्या जोगिणींनाही वाटले. दोघांचा अंदाज चुकला. या जोगिणींपैकी सिस्टर जेराल्डीन या रमाबाईंच्या धर्ममाता. त्यांच्याशी झालेला रमाबाईंचा पत्रव्यवहार १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली छापून आला. ही पत्रे वाचताना माणूस थक्क होतो. परक्या देशातली, दुसऱ्यांच्या अन्नावर राहणारी, कडेवर लेकरू असलेली पंचविशीची विधवा आणि समोर सगळे अँग्लिकन चर्च. क्रूसावर लॅटिन अक्षरेच का हवीत, संस्कृत का चालत नाहीत, हे ती विचारते. त्रैक्याचा सिद्धान्त पटल्यावाचून केवळ सांगितला म्हणून मानणार नाही, म्हणते. चेल्टनहॅमला तिने तरुण पुरुषांना शिकवावे की नाही यावर बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा ती उसळून उठते. शाकाहार सोडत नाही. देवाने दिलेली बुद्धी आणि विवेक माणसांच्या हाती सोपवायला तिची तयारी नव्हती.

मला इथेच रमाबाईंच्या समर्पणाची किल्ली सापडते. एकालाच शरण जायचे ठरले की बाकी कुणापुढे वाकण्याची गरज उरत नाही. पुण्याचे सनातनी, मुंबईचे सुधारक, इंग्लंडचे बिशप, बोस्टनचे देणगीदार यांतल्या कुणाच्याच आज्ञेत ही बाई कधी राहिली नाही. ज्यांना शरणागती म्हणजे मवाळपणा वाटतो त्यांनी हा पत्रव्यवहार जरूर वाचावा.

खरी शरणागती मात्र बाप्तिस्म्याच्या वेळी घडली नाही, हे त्यांनी स्वतःच आपल्या साक्षीत लिहून ठेवले आहे. ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असा त्या कबुलीचा आशय. १८९१च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र त्यांच्या हाती आले. हॅस्लम पाळक झाल्यावर कित्येक वर्षांनी स्वतःच्या प्रवचनाच्या वेळी पालटला. रमाबाईंना त्यात आपली स्थिती दिसली. बुद्धीने पटवून घेतलेल्या धर्माखाली मन कोरडेच होते. त्यानंतर जॉर्ज म्युलर, चायना इनलँड मिशन आणि जॉन पेटन यांच्या हकिगती त्यांनी वाचल्या. कुणापुढेही हात न पसरता, केवळ प्रार्थनेवर भरवसा टाकून अनाथालये आणि मिशने चालवलेली ही माणसे. आपल्या देशात असे का होऊ नये, हा प्रश्न रमाबाईंच्या मनात तिथून रुजला.

त्याला व्यवहाराचीही बाजू होती. बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांपुरतीच मदत कबूल केली होती. मुदत संपल्यावर मुलींना खायला काय घालायचे? म्हणून केडगावला जमीन घेतली. फळझाडे लावायची, त्यांच्या उत्पन्नावर सदन चालवायचे, असा हिशेब होता. देवावर भार टाकणारी ही बाई विहिरी खणून घेत होती आणि झाडे लावत होती. मला ती आवडते ती यासाठीच.

आणि मग लोणावळ्याची गोष्ट. तिथल्या ख्रिस्ती शिबिराला रमाबाई आपल्या पंधरा मुली घेऊन गेल्या. पहाटे रानात जाऊन त्यांनी प्रार्थना केली की या पंधरांचा वर्ग व्हावा. पंधरापंधरा दोनशे पंचवीस. इतक्या मुलींना राहायला जागा नव्हती की पैसा. थोड्याच काळात, १८९६च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला. लहानपणी ज्या भुकेने आईवडील नेले तीच भूक आता दुसऱ्यांच्या दारात उभी होती. रमाबाई तिकडे गेल्या आणि हाडांचे सापळे झालेल्या मुली गोळा करून आणू लागल्या. पुण्यात प्लेग आला, तशी सगळी माणसे केडगावच्या माळावर आली. १९००च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथल्या मुली आणि बायका मिळून संख्या दोन हजारांच्या घरात गेली. पतितांसाठी कृपासदन, आंधळ्यांसाठी वेगळे सदन, विणकाम, तेलघाणा, दूधदुभते, धुलाई, छापखाना असे एक गावच 'मुक्ती' या नावाने उभे राहिले.

१९०५च्या जूनअखेर मुक्तीमध्ये जे संजीवन झाले, म्हणजे धर्मजागृतीची जी लाट आली, त्याची चर्चा जगभर झाली. मुली रात्रंदिवस प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, टोळ्या करून गावोगाव जाऊ लागल्या. मिनी अॅब्रम्स या तिथल्या मिशनरी बाईंनी त्यावर पुस्तिका लिहिली. ती पार चिलीत वाल्परायसोला पोहोचली आणि तिथल्या पेंटेकॉस्टल चळवळीला तिने चालना दिली. दौंड तालुक्यातल्या एका माळरानाचा धागा दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याला जोडला गेला, ही लहान गोष्ट नव्हे. पण माझे मन त्या गर्दीतून बाजूला सरकते आणि रमाबाईंच्या टेबलाशी जाते. कारण याच सुमारास, पन्नाशीकडे झुकलेल्या रमाबाई हिब्रूची आणि ग्रीकची व्याकरणे उघडून बसल्या होत्या.

मराठीत बायबल नव्हते असे नाही. सेरामपूरला विल्यम केरींनी १८११मध्येच नवा करार छापला होता, पुढे अमेरिकन मिशन आणि बायबल सोसायटी यांनी भाषांतरे केली, सुधारली. रमाबाईंची तक्रार निराळी होती. आपल्या मुक्तीतल्या कुणबी, मांग, भिल्ल मुलींना ते मराठी समजत नाही, त्यात संस्कृत शब्दांची गर्दी आहे, आणि त्या शब्दांबरोबर जुने तत्त्वज्ञानही मागच्या दाराने येते. हे कोण म्हणत होते? लहानपणी भागवताचे अठरा हजार श्लोक मुखोद्गत केलेली बाई. ज्या विद्येने तिला 'सरस्वती' केले ती विद्या तिने जाणून बाजूला ठेवली. घर सोडणे, जात सोडणे यापेक्षा विद्वानाने आपली विद्वत्ता खाली ठेवणे अवघड, असे मला वाटते.

काम मूळ भाषांवरून करायचे ठरले. सुमारे अठरा वर्षे ते चालले. ऐकू आधीपासूनच कमी येत होते. इंग्लंडला डॉक्टरकी शिकायला गेलेल्या रमाबाईंचा तो बेत याच बहिरेपणामुळे फसला होता. आता भाषांतर एकीकडे आणि दीडदोन हजार माणसांचा संसार दुसरीकडे. धान्य आले का, कोण आजारी आहे, कुणाचे लग्न ठरले, ही चौकशी आटोपली की पुन्हा हिब्रू.

छपाईदेखील मुक्तीच्या छापखान्यातच झाली, आणि खिळे जुळवणाऱ्या बहुतेक मुली दुष्काळातून आलेल्या. आजच्या वाचकाला त्या कामाची कल्पना यायची नाही म्हणून सांगतो. इंग्रजीसारखी सव्वीस अक्षरांत देवनागरी आटोपत नाही. काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे धरून शेकडो घरांची केस समोर असते. उलटे अक्षर ओळखून एकेक खिळा उचलायचा, पट्टीत लावायचा, ओळ भरली की घट्ट बसवायची. प्रूफ काढायचे. बाईंच्या खुणा होऊन आले की चुकीचा खिळा चिमट्याने उपसून दुसरा घालायचा. फर्मा छापून झाला की सगळे खिळे सोडवून पुन्हा आपापल्या घरात टाकायचे. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत असे किती खिळे उचलले गेले असतील! काही वर्षांपूर्वी ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्या बोटांनी हे केले.

बायबलचे संपूर्ण भाषांतर करणारी जगातली पहिली स्त्री, असे रमाबाईंबद्दल अनेकदा छापून येते. ते बरोबर नाही, आणि रमाबाईंना त्या खोट्या मुकुटाची गरजही नाही. अमेरिकेत कनेटिकटमधल्या ग्लास्टनबरी गावच्या जूलिया स्मिथ यांनी हिब्रू, ग्रीक आणि लॅटिनवरून एकटीने अख्खे बायबल इंग्रजीत आणले आणि १८७६मध्ये स्वखर्चाने छापले. तेव्हा त्या चौऱ्याऐंशीच्या घरात होत्या. याच जूलियाबाई आणि त्यांची बहीण अॅबी यांनी, बायकांना मत नाही तर आम्ही करही देणार नाही, असे गावाला बजावले होते. गावाने त्यांच्या गायी ओढून नेऊन लिलावात काढल्या, तरी त्या बधल्या नाहीत. ग्लास्टनबरी आणि केडगाव यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण बायबलचे मूळ वाचायला बसलेल्या दोन्ही बायका माणसांच्या हुकमाला जुमानत नाहीत, हे मला फार बोलके वाटते.

आपल्याच मराठीत आणखी एक जोड आहे. कवी ना. वा. टिळकांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाच वर्षे झगडल्या, स्वतःच्या मनाची खात्री पटल्यावरच १९००मध्ये त्यांनी तो घेतला. १९१९मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य दहाअकरा अध्यायांवर अडले होते. फारसे न शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे साठाहून अधिक अध्याय रचून ते पुरे केले. लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र सगळे वाचतात. 'ख्रिस्तायन'ही वाचावे.

केडगावला मी जमेल तेव्हा जातो. दौंडच्या शटलने उतरले की मुक्ती फार दूर नाही. आवारातले ते मोठे उपासनामंदिर, झाडांची सावली, शाळेच्या मुलींची लगबग हे सगळे आजही नांदते आहे, मुलींना आणि बायकांना आजही तिथे आसरा मिळतो. पण रमाबाईंचे बायबल मला पहिल्यांदा दिसले ते नगरला, एका जुन्या ख्रिस्ती घरात. पाठीला जाड कापड शिवलेले, सुरुवातीची पाने गळालेली, कडेला पेन्सिलीच्या खुणा.

"आजी, हे कुणाचं?" मी विचारले.

"आमच्या आजेसासूबाईंचं. मुक्तीत वाढलेल्या त्या. छापखान्यात खिळे जुळवायच्या."

"तुम्ही वाचता का?"

"वाचायला दुसरं घेतो रे बाळा, हे जड जातं. पण हे घराबाहेर जायचं नाही."

आजींचे म्हणणे खरे आहे. हे भाषांतर चालले नाही. मंडळ्यांनी बायबल सोसायटीचेच वापरले. मुळाला चिकटून राहण्याच्या आग्रहात रमाबाईंची काही वाक्ये अवघडली आहेत, आणि जिच्यासाठी एवढा खटाटोप केला त्या खेड्यातल्या बाईलाही ती सगळीकडे सोपी जात नाहीत. काही पाने मात्र अशी थेट, बोलकी आहेत की वाचणारा थबकतो. अठरा वर्षांच्या श्रमाला लोकमान्यता मिळाली नाही म्हणून ते श्रम मला उणे वाटत नाहीत. मान्यतेसाठी ते केलेलेच नव्हते.

जुलै १९२१मध्ये मनोरमा वारली. चाळिशीची लेक, आईचा उजवा हात, मुक्तीची वारस. कडेवर घेऊन जिच्यासह समुद्र ओलांडला तिला मूठमाती देऊन रमाबाई पुन्हा प्रुफांकडे वळल्या. स्वतःची प्रकृतीही खालावली होती. जुन्या ख्रिस्ती घरांतून सांगतात की काम पुरे करायला त्यांनी देवाकडे आणखी दहा दिवस मागून घेतले, आणि दहाव्या दिवशी शेवटचे प्रूफ हातावेगळे झाले. या आठवणीवर माझा विश्वास आहे. दहा दिवसांच्या जागी कुणी बारा म्हटले तरी फरक पडत नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी झोपेतच त्यांचा प्राण गेला, तेव्हा भाषांतर पूर्ण झालेले होते. संपूर्ण बायबल १९२४मध्ये मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडले.

त्या आवृत्तीच्या प्रती आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच घरांतून दिसतात. नगर, पुणे, सोलापूर, जालना या भागांतल्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबांकडे, माळ्यावरच्या पेटीत, एखादी अजून असेल. म्हातारी माणसे गेली की घर आवरताना अशी पुस्तके रद्दीत जातात. तुमच्या घरी 'मुक्ती, केडगाव' असे छापलेले जुने पुस्तक असेल, मग ते बायबल असो की लहानशी पुस्तिका, तर ते रद्दीत घालू नका. जवळच्या ग्रंथसंग्रहालयाला किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयाला दाखवा. आणि समासात कुणी पेन्सिलीने काही लिहिले असेल तर ते पुसू नका.