व्यापारी मार्गांचा नकाशा : रेघ ओढण्यापूर्वी

शालेय पुस्तकात रेशीम मार्गाची एक जाड रेघ असते. ती चीनपासून निघून भूमध्य समुद्राला मिळते, आणि असा एखादा हमरस्ता खरोखरच होता अशी विद्यार्थ्यांची समजूत होते. वस्तुतः तेथे अनेक वाटांचे जाळे होते. एकच व्यापारी या टोकापासून त्या टोकापर्यंत क्वचितच जाई. माल हातोहात पुढे सरके. असे जाळे कागदावर कसे उतरवावे, याचा विचार आम्ही येथे अकराव्या शतकातील हिंदी महासागराचे उदाहरण घेऊन करीत आहोत.

प्रथम शतक ठरवावे. मध्ययुगाची सुमारे हजार वर्षे एकाच कागदावर कोंबली, तर कधीच एकाच वेळी न गजबजलेली बंदरे शेजारी येऊन बसतात. नाणेघाटाचेच पाहा. तेथील सातवाहनांचा शिलालेख इसवी सनापूर्वीचा आहे. जुन्नरहून कल्याणकडे उतरणारी वाट त्या काळी वाहती होती, हे त्यावरून कळते. पण अकराव्या शतकासाठी हा साक्षीदार चालणार नाही. मात्र घाट जागचा हलत नाही. म्हणून समकालीन पुरावा असेल तेथे अखंड रेघ आणि केवळ अनुमान असेल तेथे तुटक रेघ, असा नियम करावा. तुटक रेघा फार झाल्या तरी लाजू नये.

किनाराही आजचा जसाच्या तसा घेऊ नये. सोपाऱ्याचे प्राचीन बंदर आज गाळाने भरून गेले आहे. समुद्रातील रेघेला तर दिशेबरोबर महिनाही द्यावा लागतो. जून ते ऑगस्ट कोकणचा किनारा गलबतांना बंद असे. एडनहून मलबारकडे येणारी जहाजे पावसाळी वाऱ्याचा जोर ओसरता ओसरता निघत आणि हिवाळ्यातील ईशान्य वाऱ्यावर परतत. जाण्याची व येण्याची रेघ वेगळ्या रंगात काढली, तर बंदरात महिनोन्‌महिने मुक्काम का पडे हे मुलांना न सांगता उमगते.

पुरावे विखुरलेले आहेत. जुन्या कैरोतील ज्यू प्रार्थनागृहात सापडलेल्या पत्रांतून एडन-मलबार व्यापार दिसतो. सुमात्रा बेटावर बारूसजवळ १०८८ सालचा तमिळ शिलालेख आहे. त्यात दक्षिण भारतातील ‘पाचशे’ या व्यापारी श्रेणीचा उल्लेख येतो. पण या शतकातील सर्वांत बोलका बिंदू आम्हांला नागपट्टणचा वाटतो. १००६ च्या सुमारास श्रीविजयच्या शैलेंद्र राजाने तेथे चूडामणी विहार उभारविला आणि चोळ सम्राट राजराजाने आनैमंगलम् गावाचे उत्पन्न त्याला लावून दिले. समुद्रापलीकडच्या राजाने परमुलखातील बंदरात विहार का बांधावा? त्याच्या मुलखाचे लोक तेथे सतत येत-जात असल्याखेरीज हे संभवत नाही. पुढे १०२५ साली राजराजाच्याच पुत्राने, राजेंद्राने, श्रीविजयवर आरमार धाडले. बंगालचे आचार्य अतीश सुवर्णद्वीपात अध्ययन करून परतले तेही याच सुमारास. व्यापारी, भिक्खू आणि सैन्य यांची वाट एकच होती.

म्हणूनच विहारांचा नकाशा वेगळा आणि बंदरांचा वेगळा, ही आपल्याकडील पद्धत आम्हांस मान्य नाही. तिच्यामुळे कान्हेरीसारखे स्थळ पाचव्या-सहाव्या शतकानंतर नकाशावरून पुसलेच जाते. प्रत्यक्षात शके ७७५ (इ.स. ८५३-५४) मध्ये गौड देशाहून, म्हणजे बंगालहून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने तेथील संघाला १०० द्रम्म दान दिल्याचा लेख कोरलेला आहे. त्याही पुढे, १००९ व १०२१ साली भेट देऊन गेलेल्या पारशी मंडळींनी तेथील एका लेण्यात पहलवी लिपीत आपली नावे कोरून ठेवली.

गौड उपासकाचा लेख नवव्या शतकाचा. तो याच कागदावर न घालता वर ठेवण्याच्या पारदर्शक कागदावर घ्यावा. पहलवी लेख मात्र आपल्या शतकातले आहेत. त्यांवरून तेव्हा तेथे भिक्खू राहत होते असे सिद्ध होत नाही. माणसे तेथवर चढून येत होती, एवढेच सिद्ध होते. तेव्हा नागपट्टणला भरीव वर्तुळ, कान्हेरीला पोकळ वर्तुळ, आणि तेथून ठाण्याच्या खाडीपर्यंत तुटक रेघ.