वाढ्यांचे मोल

मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते, तेव्हा नांदेडची लाल कंधारी आणि लातूरकडील देवणी जनावरे पाहावयास माणसे दूरदूरहून येतात. दुष्काळी वर्षात तशीच जनावरे चैत्र-वैशाखात मिळेल त्या भावाने विकावी लागतात. ह्या दोन दृश्यांमधील अंतर चाऱ्याचे आहे.

पूर्वी हे अंतर कडब्याची गंजी भरून काढीत असे. पुढे ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. पैसा हाती आला, परंतु सोयाबीनच्या भुसकटाला कडब्याची सर नाही. ह्या पोकळीत ऊस शिरला. दुष्काळात छावण्यांतून उभा ऊस तोडून जनावरांपुढे टाकण्यात आला. त्यांचे प्राण वाचले हे खरे. पण उपाय आणि रोग एकाच मुळातून निघाले होते, हेही तितकेच खरे. राज्याच्या पिकाखालील जमिनीपैकी 4 टक्क्यांहून कमी क्षेत्र व्यापणारे हे पीक सिंचनाचे सुमारे 70 टक्के पाणी घेते, असे केंद्रीय कृषी मूल्य आयोगाने दाखवून दिले आहे. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा प्रदेशात चाऱ्यासाठी ऊस लावा, असे सांगणे शहाणपणाचे नव्हे.

वाढ्यांची गोष्ट मात्र वेगळी. उसाचे हे हिरवे शेंडे कारखान्यास नको असतात आणि त्यांच्यासाठी निराळे पाणीही खर्ची पडत नाही. अडचण वेळेची आहे. तोडणी हिवाळ्यात आणि टंचाई उन्हाळ्यात. वाढ्यांची कुट्टी करून ती खड्ड्यात हवाबंद दाबली, म्हणजे मुरघास केला, तर हा सांधा जुळू शकतो.

दुसरी अडचण पोषणाची. उसात साखर विपुल, प्रथिने अल्प. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातील सूक्ष्मजीवांना नत्र मिळाले नाही, तर चारा नीट पचत नाही. वाढ्यांतील ऑक्झॅलेट तर शरीराला लागणारे कॅल्शियमच अडवून धरते. म्हणून नुसत्या वाढ्यांवर ठेवलेली गाय हळूहळू खंगते. क्यूबामध्ये 1960 च्या दशकात मळीत युरिया मिसळून ही नत्राची उणीव भरून काढण्याचे प्रयोग झाले. परंतु युरियाचे प्रमाण चुकले की विषबाधा होते. पशुवैद्यकाच्या सल्ल्यावाचून तो मार्ग धरू नये. मराठवाड्याच्या हाताशी सोयाबीनची पेंड आहे. तिची आणि क्षारमिश्रणाची जोड दिली, तर वाढे खऱ्या अर्थाने चारा ठरतील.

तथापि एक हक्क विसरता कामा नये. वाढे विकून चार पैसे मिळविणे हा ऊसतोड मजुराचा जुना आधार आहे. साखर कारखान्यांनी वा दूध संस्थांनी मुरघासाची योजना हाती घेतल्यास वाढ्यांचा रास्त मोबदला त्याच्याच हाती पडला पाहिजे.

कडब्याची गंजी ही कुणब्याची बचत होती. व्याज न देणारी, परंतु अडीअडचणीला हमखास उपयोगी पडणारी. ती मोडली गेली, तेव्हापासून त्याचा गोठा उधारीवर चालला आहे. मुरघासाचा खड्डा ही त्या बचतीची नवी पेटी होऊ शकेल. मात्र ती सुगीत भरावी लागेल, दुष्काळ दारात आल्यावर नव्हे.