निळ्या प्रकाशाचे धम्मचक्र : विद्यार्थ्यांसाठी एक कृतिपाठ

जयंती जवळ आली की वस्तीत पहिली चर्चा होते ती रोषणाईची. मुरुडसारख्या गावात आजही बहुतेक रोषणाई भाड्याने येते व दुसऱ्या दिवशी परत जाते. वर्गणीचा मोठा वाटा त्यात खर्च होतो, हाती मात्र काही उरत नाही. तीच रोषणाई आपल्या मुलांनी स्वतः केली तर पैसा वाचतो, वस्तू समाजमंदिरात राहते आणि मुलांना विद्या मिळते. म्हणून हा लेख.

एलईडी म्हणजे प्रकाश देणारा अर्धवाहक. जुन्या दिव्यात तार तापून उजेड पडतो व बरीचशी वीज उष्णतेत जाते. एलईडीत विजेचे सरळ प्रकाशात रूपांतर होते. तांबडा एलईडी १९६२ साली तयार झाला. परंतु निळा तयार करण्यास शास्त्रज्ञांना तीस वर्षे झगडावे लागले. १९९३ मध्ये जपानचे शुजी नाकामुरा यांनी तेजस्वी निळा एलईडी प्रत्यक्षात आणला. त्याबद्दल २०१४ चे नोबेल पारितोषिक अकासाकी, अमानो व नाकामुरा यांना विभागून मिळाले. आपल्या ध्वजाचा निळा रंग आज इतक्या थोड्या विजेत उजळतो, तो या चिकाटीमुळे.

आता कृती. चार फूट चौरस प्लायवूडवर १२० सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ काढावे. मध्ये २० सेंटिमीटर व्यासाचे लहान वर्तुळ काढावे. ३६० अंशांस २४ ने भागले की १५ येतात. म्हणून कोनमापकाने दर १५ अंशांवर एक आरा आखावा. प्रत्येक आरा ५० सेंटिमीटरचा होतो. २४ आऱ्यांना १२ मीटर, बाहेरच्या परिघाला पावणेचार मीटर व आतल्या वर्तुळाला ६० सेंटिमीटर, अशी एकूण सुमारे साडेसोळा मीटर १२ व्होल्टची पट्टी लागते.

मीटरला ६० दिवे असलेली पट्टी दर तीन दिव्यांनंतर, म्हणजे दर ५ सेंटिमीटरला, खुणेवरच कापावी. पट्टी सपाट बाजूने वाकते, आडवी वळवल्यास तुटते. म्हणून वर्तुळासाठी लाकडी कडेवर ती उभी चिकटवावी. पिंपळपानासाठी जाड तारेचा सांगाडा करून त्यावर बांधावी. एप्रिलच्या उन्हात मागचा डिंक सुटतो, तेव्हा जागोजागी दोऱ्याने बांधणे बरे.

पहिल्या खेपेस आम्ही सर्व आरे एकामागून एक जोडले. पहिले आरे झगझगीत, शेवटचे मंद! लांब पट्टीत विजेचा दाब कमी होत जातो, हे तेव्हा कळले. म्हणून प्रत्येक आऱ्याची धन व ऋण टोके मध्यभागी आणून स्वतंत्रपणे मुख्य तारांना सोल्डर करावीत.

मीटरला ४.८ वॉट धरले तर चक्रास सुमारे ८० वॉट लागतात. १२ व्होल्टला हा प्रवाह पावणेसात अँपिअर होतो. म्हणून १० अँपिअरचा पुरवठा संच घ्यावा. पाच तास चक्र पेटले तरी अर्धा युनिटही वीज जळत नाही. वीज गेली तर १२ व्होल्टच्या बॅटरीवरही ते चालते.

आता सर्वांत महत्त्वाचे. पट्टीकडील १२ व्होल्टचा झटका बसत नाही, पण तारा एकमेकींस टेकल्या तर आग लागू शकते. म्हणून फ्यूज हवाच. संचाची दुसरी बाजू २३० व्होल्टची आहे. ती जाणत्या वायरमननेच जोडावी व बंद पेटीत ठेवावी. अवकाळी पावसाची शक्यता असते, तेव्हा सिलिकॉनचे आवरण असलेली पट्टी वापरावी. खांबावर आकडा टाकू नये; तात्पुरती जोडणी रीतसर घ्यावी. मिरवणुकीच्या वाहनावर उंच लोखंडी सांगाडा तर मुळीच नको. वरून जाणाऱ्या उच्चदाबाच्या तारेला तो टेकला तर उत्सवाच्या दिवशी घरोघर आकांत होतो. मार्गावरील तारा आदल्या दिवशी पाहून ठेवाव्यात.

तथागतांनी माणसाला स्वतःच स्वतःचा दीप होण्यास सांगितले. बाबासाहेबांनी तो दीप शिक्षणाच्या रूपाने आपल्या हाती दिला. आपल्या मुलामुलींनी मोजमाप करून, चुकून व सुधारून पेटवलेले चक्र भाड्याच्या हजार दिव्यांहून मोलाचे आहे. वाचलेल्या वर्गणीतून अभ्यासिकेसाठी पुस्तके घ्यावीत, एवढीच विनंती.

जयभीम! नमो बुद्धाय!