खोटी चिठ्ठी आणि रानपिंगळा

विज्ञानातला शोध म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर दुर्बिणी येतात, प्रयोगशाळा येतात. पण काही शोध असेही असतात, की ज्याला शोधायचे तो भर उन्हात सागाच्या फांदीवर बसलेला असतो आणि सारे जग त्याला मेलेला समजत असते. रानपिंगळ्याची गोष्ट अशी आहे. कुणी त्याला वनपिंगळाही म्हणतात. ही गोष्ट पक्ष्याची आहे, तशीच ती एका लबाडीचीही आहे, आणि खरे सांगायचे तर मला तिच्यातली लबाडीच अधिक विचार करायला लावते.

पिंगळा तुम्हाला ठाऊक आहे. गावाकडच्या जुन्या चिंचेवर, पडक्या भिंतीत राहणारे ते लहानसे घुबड. पहाटे दारात येऊन भविष्य सांगणाऱ्या पिंगळ्यालाही याच पक्ष्याचे नाव मिळाले. त्याला म्हणे या पाखराची भाषा कळते. रानपिंगळा हा त्याचाच भाऊबंद, पण जंगलात राहणारा. १८७३ साली ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याची शास्त्रीय नोंद केली. काँग्रेसच्या स्थापनेशी ज्यांचे नाव जोडले जाते तेच हे ह्यूम. राजकारणात पडण्यापूर्वी ते हिंदुस्थानातल्या पक्ष्यांच्या मागे वेडे झालेले होते. त्यांच्याकडे आलेला नमुना आजच्या छत्तीसगडमधल्या बसना भागातला होता. पुढे खानदेशात जेम्स डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने शहाद्याच्या बाजूला आणखी काही नमुने मिळवले. १८८४ नंतर मात्र सारे शांत. संग्रहालयांत कापूस भरून ठेवलेली मोजून सात कलेवरे, एवढाच काय तो पुरावा.

त्यांतल्या एकाच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर मात्र १९१४ साल होते आणि ठिकाण होते गुजरातेतले तापीकाठचे मांडवी. नमुना दिला होता कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागन यांनी. हे गृहस्थ सैन्यातले, मोठे पक्षितज्ज्ञ म्हणून नावाजलेले. १९३७ साली आपले सलीम अली त्यांच्याबरोबर अफगाणिस्तानच्या मोहिमेवर गेले होते. अशा माणसाच्या अक्षरावर कोण शंका घेणार? लोक मांडवीच्या आसपास शोधत राहिले. पक्षी काही मिळाला नाही. सलीम अली आणि डिलन रिप्ली यांच्या पिढीलाही तो दिसला नाही. संपला असावा, असे हळूहळू सगळ्यांनी धरून चालले.

नव्वदीच्या दशकात अमेरिकेच्या पामेला रासमुसेन दक्षिण आशियातल्या पक्ष्यांवर मोठा ग्रंथ तयार करत होत्या. त्यासाठी संग्रहालयांतले नमुने एकेक करून तपासावे लागत. तपासता तपासता लक्षात आले, की माइनर्ट्झहागन यांनी ब्रिटिश संग्रहालयातूनच पक्षी चोरले, त्यांच्या चिठ्ठ्या बदलल्या आणि स्वतःच्या नावावर ते पुन्हा संग्रहालयाला भेट दिले! रानपिंगळ्याचा तो नमुनाही त्यांतलाच. क्ष-किरणांखाली पाहिल्यावर कळले, की कलेवर एकदा भरलेले होते, ते उसवून पुन्हा नव्याने भरले आहे. आणि जुन्या कामावर हात डेव्हिडसनचा होता. म्हणजे पक्षी आपल्या खानदेशचा, चिठ्ठी मांडवीची. १९९९ साली हे सगळे रीतसर प्रसिद्ध झाले.

कवी म्हणून मला येथे थोडे थांबावेसे वाटते. दुसऱ्याची ओळ आपल्या नावावर खपवणारे आमच्या धंद्यातही आहेत. तिथे फार तर मूळ कवीचे मन दुखावते. इथे चार शब्दांच्या चिठ्ठीने जिवंत जीव सापडण्याची वाट अडवली, आणि ज्या काळात जंगले झपाट्याने तुटत होती नेमक्या त्याच काळात अडवली. मेलेल्या पक्ष्याचे जंगल राखावे, असे कुणाला कशाला सुचेल?

मांडवीची नोंद खोटी ठरवून रासमुसेन बाईंनी ती यादीतून काढूनच टाकली. उरली जुनी, खरी ठिकाणे. बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना बरोबर घेऊन त्या आधी पूर्वेकडे फिरल्या. हाती काही लागले नाही. मग खानदेश. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी, सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळच्या जंगलात, तो समोर बसलेला होता. शहादे तालुका तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा झाला १९९८ साली. ११३ वर्षांनी त्याची पहिली खात्रीची भेट! फोटो काढले गेले, चित्रफीत झाली, शंकेला जागाच राहिली नाही.

गंमत अशी, की हा पक्षी लपणारा नाही. घुबड म्हणजे रात्रीचे, असे आपण समजतो. हा दिवसाउजेडी वावरतो, सकाळच्या उन्हात उघड्या फांदीवर बसतो, सरडे, उंदीर, किडे पकडतो आणि शेपटी उडवत राहतो. पुढे असद रहमानी आणि फराह इश्तियाक यांनी सातपुड्यात राहून त्याचा आवाज, वीण, खाणेपिणे यांचा बारकाईने अभ्यास केला. तोरणमाळ, यावल, मेळघाट, मध्य प्रदेशातले खंडवा, अशी एकेक ठिकाणे जोडली गेली. २०१४ साली तर तो मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यात दिसला. त्यानंतर गुजरातेत डांगच्या पूर्णा अभयारण्यातही मिळाला. म्हणजे कर्नलसाहेबांनी सांगितलेले राज्य योगायोगाने बरोबर निघाले म्हणायचे! पण न पाहता सांगितलेले बरोबर निघाले म्हणून ती साक्ष होत नाही.

उर्दूत एखाद्या जागी 'उल्लू बोलतात' म्हटले की ती जागा ओसाड झाली असे समजावे. रानपिंगळ्याच्या बाबतीत हा वाक्प्रचार उलटा फिरवावा लागतो. ढोलीसाठी त्याला जुनी झाडे लागतात. झाडे गेली की तो गप्प. लाकूडतोड आहे, अतिक्रमण आहे, वणवे आहेत, शिवाय जादूटोण्यासाठी घुबडे मारणारेही आहेत. २०१८ साली त्याला 'अतिसंकटग्रस्त' या वर्गातून 'संकटग्रस्त' वर्गात आणले, ते अधिक ठिकाणी सापडला म्हणून. पूर्ण वाढ झालेले पक्षी आजही हजाराच्या आतच असावेत, असा अंदाज आहे.

तोरणमाळला किंवा मेळघाटात गेलात तर सकाळी लवकर निघा. फांदीवर पिंगळा दिसला की आधी डोके पाहा. डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतील तर तो आपला गावातला. डोके जवळजवळ कोरे, पोट पांढरे, पंखांवर आणि शेपटीवर ठसठशीत पट्टे असतील, तर मात्र जागच्या जागी उभे राहा. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावू नका. ऑक्टोबरपासून उन्हाळ्यापर्यंत त्याचे विणीचे दिवस असतात. आणि दिसलाच, तर तारीख आणि ठिकाण जसे असेल तसेच लिहून ठेवा.