चोचीखालचे शिसे

पुणे-सोलापूर रस्त्याने इंदापुराकडे निघालेल्या प्रवाशास भिगवणच्या पुढे लागणारे पळसदेव हे गाव आज ज्या जागी दिसते, ती त्याची मूळची जागा नव्हे. भीमेवरील उजनीचे धरण १९८० मध्ये पुरे झाले, जुने गाव आपल्या शिवारासह जलाशयाखाली गेले, आणि मौजे मजकूर येथील पुरातन पळसनाथाचे देऊळ तेवढे, उन्हाळ्यात पाणी उतरले की शिखर वर काढून हजेरी लावून जाते. पळस म्हणजे संस्कृतातील पलाश, व त्याचेच दुसरे नाव किंशुक. त्याच्या फुलाची तांबडी, आकडेदार पाकळी पाहून 'हा शुक तर नव्हे?' असा संभ्रम कोणास पडला, म्हणून ते नाव, अशी व्युत्पत्ती परंपरेने सांगण्यात येते. ज्या गावाच्या नावातच पोपटाची चोच दडलेली आहे, तेथेच त्या चोचीचा विचार करण्याचा प्रसंग मजवर यावा, ही गंमतच म्हणावयाची.

एका आप्तांच्या ओसरीवर जस्ती तारेचा पिंजरा टांगलेला होता, व त्यात एक हिरवा आणि एक निळा असे दोन पक्षी होते. आपल्याकडे त्यांस सरसकट 'लव्हबर्ड' म्हणतात, परंतु ते खरोखरी बजरीगर, म्हणजे ऑस्ट्रेलियातील एक छोटा पोपट. पिंजऱ्याच्या छतापासून नायलॉनच्या दोऱ्याने काही मणी ओवून सोडलेले होते. निळा पक्षी त्यांपैकी एक मणी चोचीत धरून, जिभेने फिरवून, बाजरीच्या दाण्याची साल काढावी तशा तन्मयतेने कुरतडीत होता. "पोरांनी झोका बांधलाय, दुसरं काय!" यजमान कौतुकाने म्हणाले. मी जवळ जाऊन पाहिले, तो मण्याचा करडा, मळकट पृष्ठभाग ठिकठिकाणी सोलला जाऊन आतून चंदेरी चकाकत होता. जलाशयात फेकावयाच्या जाळ्याच्या काठाला, ते तळाशी बसावे म्हणून, जी शिशाची वजने ओवतात, त्यांतलीच ती होती.

खेळणे निवडताना आपण ते मुलाचे आहे असे समजून रंग, आकार आणि आवाज पाहतो, आणि तेथेच चुकतो. मूल खेळणे मोडते; पोपट ते मोडून त्याचे कण गिळतो. त्याची चोच हा एकाच वेळी हात, दात आणि हत्यार असा तिहेरी अवयव असल्यामुळे, पिंजऱ्यात जे जे टांगावे ते ते आज ना उद्या त्याच्या पोटी रुजू होणार, असे धरूनच चालले पाहिजे. म्हणजे पक्ष्याचे खेळणे हा त्याच्या आहाराचाच एक भाग होय, आणि ते आहाराच्याच कसोटीने पारखावे, असे माझे मत आहे.

शिशाच्या बाबतीत तर ही कसोटी जीवनमरणाची ठरते. पक्ष्यास दात नसतात. गिळलेल्या वस्तूवर प्रथम जठरातील आम्लाचा मारा होतो, व मग पेषणी नावाचा जाड स्नायूंचा कोश ती रगडतो. माणसाच्या पोटातून धातूचा कपटा कित्येकदा बिनतक्रार निघून जातो. पक्ष्याच्या पोटात मात्र तो अडकून पडतो, झिजतो, विरघळतो आणि रक्तात उतरतो. तेथे गेलेले शिसे कॅल्शियमचे सोंग घेऊन मज्जातंतूंच्या कारभारात शिरते, आणि हिमोग्लोबिन तयार होण्याच्या क्रियेतही मोडता घालते. पक्षी पिसे फुगवून बसतो, पंख लोंबतात, विष्ठा हिरवट व पातळ होते, पुढे झटके येतात. बजरीगराचे वजन तीस-चाळीस ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाच्या सुमारे १,७०० व्या हिश्श्याइतके. तेव्हा आपणास जो कण डोळ्यांनी धड दिसतही नाही, तो त्याला किती मोठा, याचा हिशेब वाचकांनीच करावा. वेळीच पशुवैद्याकडे नेल्यास क्ष-किरण चित्रात हा कण दिसू शकतो, व शिशाला बांधून मूत्रावाटे बाहेर काढणारी औषधेही आहेत; मात्र 'उद्या पाहू' ही तहकुबी येथे परवडत नाही.

ही पिंजऱ्यापुरतीच गोष्ट आहे असेही नाही. इंग्लंडात मासे गळाला लावणाऱ्यांची शिशाची वजने नदीकाठी पडत; हंस ती खड्यांबरोबर गिळीत आणि मरत; अखेर १९८७ मध्ये तेथे अशा बहुतेक वजनांच्या विक्रीस बंदी झाली आणि थेम्सवरील हंसांची संख्या सावरू लागली. हिवाळ्यात ज्या उजनीवर पट्टकदंब हंस आणि रोहित उतरतात, तिच्या काठच्या लोकांनी ही हकीकत ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

जस्ताचे दुखणे याच जातीचे. तारेवरचा मुलामा नवा असताना त्याच्या गुठळ्या व भुकटी सहज सुटते, पक्षी चोचीने ती खरवडतो, आणि ते जस्त स्वादुपिंडासारख्या नाजूक अवयवांस बाधते. पाश्चात्त्य पशुवैद्यांच्या दप्तरी याची नोंद 'नव्या तारेचा रोग' अशाच नावाने आहे. पोलादाचा, म्हणजे स्टेनलेस स्टीलचा पिंजरा उत्तम. तो परवडत नसेल तर नवी तार व्हिनेगर आणि ब्रशने घासून स्वच्छ धुवावी, एवढी खबरदारी तरी घ्यावी. घुंगरू मात्र मी कोणत्याही पिंजऱ्यात पाहू इच्छीत नाही: पितळेत तांब्याबरोबर जस्त असतेच, शिवाय त्याच्या फटीत नख अडकले की भेदरलेला पक्षी पाय मोडून घेतो. नायलॉनचा दोरा बोटाभोवती फास होऊन रक्त तोडतो, आणि विसविशीत सुताचे धागे गिळले गेले की गळ्याच्या पिशवीत त्यांचा बोळा होतो.

मग द्यावे काय? वस्तुतः इंदापूर-बारामतीच्या शिवारात या खेळण्यांचे दुकान फुकट उघडलेले आहे. फवारणी न झालेले ज्वारीचे कणीस, मक्याच्या कणसाची वाळलेली पाने, नारळाची करवंटी, बांबूचे कांडे, पेरूची सालीसकट फांदी. फांदी कोठे जाड, कोठे बारीक असावी. एकसारख्या गुळगुळीत दांडीवर सदैव बसून तळव्यांस फोड येतात. कण्हेर, रुई, एरंड यांस मात्र पिंजऱ्यात मज्जाव असावा, आणि गुंजेच्या बियांसही, कारण त्यांचे कठीण कवच फोडण्याइतकी ताकद नेमकी चोचीतच असते. रानातील पोपटाचे दिवसातील कित्येक तास अन्न शोधण्यात जातात. आपण वाटी भरून ठेवतो आणि त्याला बेकार करतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २००३ मध्ये दाखवून दिले, की पिंजऱ्यातील तरुण ॲमेझॉन पोपटांस अन्न शोधण्याची व चढण्या-उतरण्याची मुभा मिळाली, तर स्वतःची पिसे उपटण्याची विकृती त्यांच्यात टळते आणि जडलेली कमीही होते. आरशाने एकट्या पक्ष्याची फसवणूक होते, पोट भरत नाही. त्याविषयी अधिक काय लिहावे?

येथे एक कायदेशीर खुलासा. बजरीगर हा पक्षी जॉन गूल्ड याने १८४० मध्ये इंग्लंडात नेला व तेव्हापासून तो पिंजऱ्यातच पिढ्यान्‌पिढ्या वाढत आला. पळसावर बसणारा आपला कंठवाला हिरवा पोपट मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. त्याला पकडणे, विकणे वा पाळणे हा गुन्हा आहे, मग खेळणी कितीही सुरक्षित असोत.

यजमानांनी ते मणी त्याच दिवशी काढले, आणि मुलांनी त्या जागी ज्वारीचे एक कणीस उलटे टांगले. ज्यांच्या घरी पिंजरा आहे त्यांनी आतील धातूची प्रत्येक वस्तू खाली काढून पांढऱ्या कागदावर ओढून पाहावी. करडी रेघ उमटली, नखाने चरा पडला, तर ती शिसेच असण्याचा संभव फार, आणि ती पुन्हा आत जाता कामा नये.