मातीविना शेतीतले शब्द समजून घ्या



हायड्रोपोनिक्सचे, म्हणजे मातीविना शेतीचे, नाव आता गावोगाव कानावर पडते. कुणी गच्चीवर पालक घेतो, कुणी पॉलिहाऊसमध्ये ढोबळी मिरची, कुणी गोठ्यामागे ट्रेमध्ये मक्याचा चारा. सामान विकणारा येतो आणि सामू, ईसी, पीपीएम, एनएफटी असे शब्द भराभर सांगून मोकळा होतो. आपण मान डोलावतो, कारण विचारायला संकोच वाटतो. पुढे पाने करपली, मुळे कुजली, की मग कळते, न समजलेला शब्दच सगळ्यांत महाग पडला. म्हणून हे पत्रक.

हायड्रोपोनिक्स हा शब्द १९३७ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे गेरिके यांनी प्रचारात आणला. ग्रीक भाषेतील पाणी आणि कष्ट या दोन शब्दांपासून तो बनला आहे. आपल्या देशातही ही गोष्ट अगदी नवी नाही. १९४६ च्या सुमारास शोल्टो डग्लस यांनी बंगालमधील कालिंपोंग येथे असे प्रयोग केले होते.

आता मूळ गोष्ट ऐका. मातीत आपली चूक झाली तर माती ती झेलते. खत थोडे जास्त पडले, तर त्यातले काही ती धरून ठेवते. एक पाळी चुकली, तर खालची ओल पिकाला तगवते. पाण्यात असा सांभाळणारा कुणी नाही. मातीचे काम तुम्हालाच करायचे असते. खालचे शब्द म्हणजे मातीच्या त्या एकेका कामाची नावे आहेत, एवढे ध्यानात धरले तर काहीच अवघड नाही.

१) सामू

यालाच दुकानदार पीएच म्हणतो. द्रावण आंबट आहे की खारवट, याचे हे माप. ७ म्हणजे मध्यम; खाली आम्ल, वर अल्क. मातीविना पिकाला बहुधा ५.५ ते ६.५ सामू मानवतो. आपल्या विहिरीचे किंवा बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी ७ च्या वर असते. अशा पाण्यात लोह टाकीत असूनही झाडाला मिळत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मग आपण आणखी खत ओततो, आणि आजार तसाच राहतो. आधी सामू तपासा.

सामू ६ वरून ५ वर आला तर ‘एकानेच उतरला’ असे समजू नका. आंबटपणा दहापट वाढला! म्हणून फॉस्फोरिक किंवा नायट्रिक आम्ल थेंबाथेंबाने घालावे, ढवळावे, पुन्हा मोजावे. हातमोजे व चष्मा घालावा. आणि बरं का, पाण्यात आम्ल ओतावे, आम्लात पाणी कधीही ओतू नये.

२) ईसी

ईसी म्हणजे विद्युत वाहकता. पाण्यात क्षार जितके जास्त, तितकी त्यातून वीज सहज वाहते. थोडक्यात, द्रावण किती कडक आहे ते हा आकडा सांगतो. माती-पाणी तपासणीच्या कागदावर डेसिसीमेन्स लिहिलेले असते, मीटरवर मिलिसीमेन्स. दोन्हींचा आकडा एकच धरावा. लेट्यूससारख्या पालेभाजीला साधारण १.२ ते १.८ पुरते, टोमॅटोला २ च्या वर लागते.

खत घालण्याआधी नुसत्या पाण्याची ईसी घ्यावी. बोअरचे पाणीच ०.८ असेल आणि तुम्हाला १.६ हवी असेल, तर खताला निम्मीच जागा उरली. अशा वेळी साठवलेले पावसाचे पाणी मिसळावे.

रोज सकाळी टाकी पाहिली तर ईसी तुमच्याशी बोलते. पाणी कमी झाले आणि ईसी वाढली, म्हणजे झाडाने पाणी जास्त प्यायले. साधे पाणी घाला. ईसी उतरली, म्हणजे खत जास्त उचलले, खत घाला. ईसी तेवढीच आहे, म्हणजे दोन्ही बरोबरीने गेले. तयार द्रावणाची भर घाला. मात्र कोणते अन्नद्रव्य संपले हे ईसी सांगत नाही. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी द्रावण बदलावे. जुने फेकू नका, पाणी घालून परसातल्या झाडांना द्या.

३) पीपीएम

दहा लाख भागांत किती भाग, ते पीपीएम. इथे मोठी फसगत होते. साधा मीटर पीपीएम मोजत नाही. तो ईसी मोजतो आणि तिला एका आकड्याने गुणतो. काही मीटर ५०० ने गुणतात, काही ७०० ने. म्हणजे ईसी १.६ असलेले एकच द्रावण एका मीटरवर ८००, तर दुसऱ्यावर ११२० दिसते. शेजाऱ्याने ११२० सांगितले, आणि तुम्ही ५०० वाल्या मीटरवर तेवढे आणायला गेलात, तर ईसी सव्वादोन झाली. पालेभाजीच्या कडा करपल्याच म्हणून समजा. म्हणून बोलताना, लिहिताना ईसीच सांगावी.

४) ‘ए’ आणि ‘बी’ द्रावण

खताच्या दोन वेगळ्या बाटल्या का देतात? ‘ए’ मध्ये कॅल्शियम नायट्रेट असते. ‘बी’ मध्ये मॅग्नेशियम सल्फेट आणि स्फुरदाचे खत असते. दोन्ही घट्ट द्रावणे एकत्र केली की कॅल्शियम सल्फेट व स्फुरदाशी जुळून पांढरा साका होऊन तळाशी बसते. पैसे तळाशी आणि झाड उपाशी! म्हणून आधी टाकी पाण्याने भरावी, ‘ए’ घालून ढवळावे, मग ‘बी’ घालून ढवळावे, आणि शेवटी सामू पाहावा.

पुष्कळजण विचारतात, ठिबकचे १९:१९:१९ चालेल काय? चालणार नाही. त्यातला बराचसा नत्र युरियाच्या रूपात असतो. मातीतले जिवाणू युरिया फोडून पिकाला देतात. टाकीत ती फौज नसते. शिवाय युरिया वीज वाहून नेत नाही, त्यामुळे ईसी मीटरला तो दिसतच नाही. कॅल्शियम तर त्यात नसतेच.

‘चिलेटेड लोह’ हाही शब्द ऐकाल. लोहाचा साका होऊ नये म्हणून त्याला दिलेले हे वेष्टण.

५) विरघळलेला प्राणवायू

वापसा आला की मगच पेरणी, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. मुळांना पाणी हवे तशी हवाही हवी. विरघळलेला प्राणवायू म्हणजे पाण्यातला वापसाच. पाणी तापले की तो घटतो. २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. वर उन्हात मुळांची गरज मात्र वाढते. मग मुळे तपकिरी, बुळबुळीत होतात, वास मारतात, ती मूळकूज. म्हणून टाकी सावलीत किंवा जमिनीत पुरून ठेवावी, झाकावी म्हणजे शेवाळही होत नाही, आणि मत्स्यपेटीला लावतात तसला छोटा हवेचा पंप लावावा. निरोगी मूळ पांढरे दिसते.

६) माध्यम

मुळांना आधार देणारा पदार्थ तो माध्यम. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, ओल धरतो. परलाइट आणि धुतलेली खडी हवा खेळती ठेवतात. कोकोपीटमध्ये मीठ असू शकते. ते भिजवून, धुऊन, निथळलेल्या पाण्याची ईसी उतरल्यावरच वापरावे.

७) एनएफटी आणि तराफा

एनएफटी म्हणजे उतरत्या नळीतून द्रावणाचा पातळ थर सतत वाहता ठेवणे. पाणी थोडे लागते, हवा भरपूर मिळते. पण वीज गेली, पंप थांबला, तर कडक उन्हात थोड्याच वेळात रोपे माना टाकतात. तराफा पद्धतीत रोपे खोल द्रावणावर थर्माकोलसारख्या पाटीत तरंगतात. पंप थांबला तरी तिथे सावरायला वेळ मिळतो. तुमच्याकडे विजेचा भरवसा नसेल, तर सुरुवात तराफ्यावर करावी.

८) शुष्क पदार्थ

हा शब्द गोठेवाल्यांसाठी. एक किलो मक्याचा आठवड्यात पाच-सहा किलो हिरवा चारा होतो, हे खरे. पण वाढले ते बहुतेक पाणी. एक किलो मक्यात साधारण ९०० ग्रॅम कोरडा भाग, म्हणजे शुष्क पदार्थ, असतो. सहा किलो चाऱ्यात तो १३ टक्के धरला, तर ७८० ग्रॅम भरतो. कोंब येताना बियाणे स्वतःचेच अन्न वापरते, म्हणून ही घट. चारा ताजा, चवीचा असतो, जनावर आवडीने खाते. पण त्याच्या भरवशावर कडबा आणि पेंड बंद करू नये. औषध चोळलेले बियाणे चाऱ्यासाठी कधीही वापरू नये. बुरशी आलेला ट्रे जनावराला घालू नये.

सामान घेण्याआधी विकणाऱ्याला एवढे विचारा : माझ्या पाण्याची ईसी आणि सामू तुम्ही पाहिलात का? मीटर कितीने गुणतो? वीज गेल्यास रोपे किती तास तग धरतील? ‘ए’ आणि ‘बी’ मध्ये काय काय आहे? उत्तरे मिळाली नाहीत, तर पैसे खिशातच राहू द्या.

आणि पहिल्याच वर्षी कर्ज काढून मोठा पसारा मांडू नका. एक झाकणाचा टब, दहा-बारा रोपे, एक ईसी मीटर, एक सामू मीटर आणि एक वही घ्या. रोजचे आकडे वहीत लिहा. एक पीक हाती येईपर्यंत हे सगळे शब्द तुमच्या घरचे होतील. मातीची भाषा आपण अशीच शिकलो. पाण्याचीही शिकू.

हे पत्रक टाकीजवळ टांगून ठेवा. राम राम.