वाचलेल्या बाईची भाषा

दुसऱ्या महायुद्धात नाझींनी सुमारे साठ लाख ज्यू मारले, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. आकड्यातून माणसाचा आवाज मात्र ऐकू येत नाही. तो ऐकायला कथेकडेच जावे लागते. सिंथिया ओझिक या अमेरिकन ज्यू लेखिकेची ‘द शॉल’ ही कथा या दृष्टीने मला फार मोलाची वाटते. ओझिक यांचा जन्म १९२८ साली न्यूयॉर्कमध्ये झाला. छावणी त्यांनी भोगलेली नाही. विल्यम शायरर यांच्या नाझी राजवटीच्या इतिहासात तान्ह्या मुलांना विजेच्या कुंपणावर फेकल्याचा उल्लेख त्यांनी वाचला आणि त्यातून ही कथा उपजली. ती १९८० साली ‘द न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात आली, तिच्यापुढची ‘रोझा’ ही कथा १९८३ साली. दोन्ही मिळून १९८९ साली पुस्तक निघाले.

रोझा आपल्या माग्दा नावाच्या तान्ह्या लेकीला शालीत दडवून छावणीत जगवते. अंगावरचे दूध आटलेले; पोर शालीचे टोक चोखून राहते आणि मुकी होते. मुकेपणा हेच तिचे संरक्षण. एके दिवशी थंडीने काकडलेली स्टेला ही मुलगी शाल ओढून घेते. शाल शोधत पोर उघड्यावर येते आणि आईला हाक मारल्यासारखा एक लांब स्वर काढते. पहारेकरी तिला उचलून कुंपणावर फेकतो. ओरडले तर गोळी येईल, हे आई जाणते. ती शाल तोंडात कोंबते आणि किंकाळी गिळते.

मी गाणे शिकवणारा माणूस. साहित्यशास्त्रात मला गती नाही. पण शिष्याचा गळा मोकळा व्हावा म्हणून वर्षानुवर्षे बसत आल्यामुळे हा प्रसंग मला विशेष झोंबला. मुलाच्या पहिल्या हाकेने आई हरखते, अशी जगाची रीत. इथे त्याच हाकेने मूल जाते, आणि आईला जगायचे तर गळा बंद करावा लागतो. पुरुष कैद्यांच्या कथांत झुंज असते, पलायन असते. या बाईच्या वाट्याला आले ते आटलेले दूध, एक शाल आणि गप्प राहणे.

‘रोझा’त ती अमेरिकेत मायामीला एका खोलीत राहते. ब्रुकलिनमधले आपले दुकान तिने आपल्याच हातांनी फोडले आहे. इंग्रजी तिला मोडकेतोडकेच येते; मेलेल्या लेकीला मात्र ती उत्तम ग्रांथिक पोलिशमध्ये पत्रे लिहिते. त्या पत्रांच्या जगात माग्दा जिवंत आहे, मोठी विदुषी झाली आहे. जर्मनाने आपल्यावर केलेल्या बळजबरीची गोष्टही रोझा तिलाच सांगते. तू त्यातून झालेली नाहीस, असे निक्षून बजावते. जिवंत माणसांत हे ऐकण्यासारखे तिला कुणी वाटत नाही.

पण ओझिक तिला देवी करत नाहीत. वॉर्सातल्या तिच्या सुखवस्तू घरात यिद्दिशला, म्हणजे पूर्व युरोपातल्या सामान्य ज्यूंच्या बोलीला, नाके मुरडत. तो ताठा तिने मायामीतही सोडलेला नाही. त्याच वॉर्सात ज्यूंना कोंडलेल्या वस्तीतून ट्रामगाडी जाई आणि बाहेरचे नागरिक तीत बसून निवांत ये-जा करीत, हेही तीच लिहिते. सोसल्याने माणूस मोठ्या मनाचा होतोच असे नाही. तरीही सोसणे खरेच असते.

डॉक्टर ट्री नावाच्या प्राध्यापकाला तिच्यावर संशोधन करायचे असते. ती शालीच्या पुडक्याची वाट पाहत असते. पुडके येते, पण उघडून पाहते तो आत छावणीतून सुटलेल्यांविषयीचा शास्त्रीय ग्रंथ! तिचा संताप साधा आहे: आधी आम्हाला निर्वासित म्हणत, आता नवा शब्द काढला, नुसते माणूस म्हणायला काय हरकत?

आपल्या मराठीत ‘वाचणे’ या एकाच क्रियापदाला दोन अर्थ आहेत. जो मरणातून वाचतो, त्याला मग लोक ग्रंथासारखा वाचू लागतात, आणि तो स्वतः काय बोलतो ते ऐकायचे राहून जाते. छावण्यांच्या हकिकतींवर कल्पित कथा रचाव्यात का, याविषयी खुद्द ओझिकही साशंक होत्या. त्या संकोचामुळेच बहुधा त्यांनी रोझाच्या दुःखाचा अर्थ लावून दिला नाही. तिला तिच्या भाषेत बोलू दिले. पुस्तक लहानसे आहे. इंग्रजी वाचणाऱ्या रसिकांनी ते सावकाश वाचावे.